ग्लुटामेटची दोन दारं: अमिनो आम्लांचा चेतापेशींवरचा परिणाम डिशमध्ये कसा तपासायचा

डिशमध्ये चेतापेशी वाढवल्या, ग्लुटामेट (चेतापेशींना उत्तेजित करणारं अमिनो आम्ल) घातलं, पेशी मेल्या. सोबत एखादा अँटिऑक्सिडंट घातला तर वाचल्या. यावरून ‘ग्लुटामेटने ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीत घातक ऑक्सिडंट रेणू साचणं) येतो आणि हा पदार्थ तो कमी करतो’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण हे विधान अर्धंच आहे, कारण ग्लुटामेट पेशीला दोन वेगळ्या वाटांनी मारतं. एक वाट रिसेप्टरमधून (रसायन ओळखणाऱ्या, पेशीच्या आवरणातल्या प्रथिनातून) जाते, तिला मायक्रोमोलर मात्रा आणि काही मिनिटं पुरतात. दुसरी वाट सिस्टाइन आत आणणाऱ्या वाहक प्रथिनातून जाते, तिला मिलिमोलर (मायक्रोमोलरच्या हजारपट) मात्रा आणि काही तास लागतात. शेवटी दोन्हीकडे ऑक्सिडेटिव्ह ताण दिसतो, म्हणून घोळ होतो. आपल्या प्रयोगात कोणतं दार उघडलं होतं हे दाखवता आलं नाही, तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही. पुढची सगळी कृती याच एका प्रश्नाभोवती आहे.

पहिलं दार: एनएमडीए रिसेप्टर

हा रिसेप्टर चार तुकड्यांचा असतो. नेहमीच्या रचनेत दोन तुकडे ग्लुएन१चे आणि दोन ग्लुएन२चे. ग्लुटामेट बसतं ग्लुएन२वर, तर ग्लायसिन किंवा डी-सेरीन बसतं ग्लुएन१वर. दोन्ही जागा भरल्याशिवाय वाहिनी उघडत नाही. ग्लायसिनमुळे या रिसेप्टरचा प्रतिसाद वाढतो हे १९८७ मध्ये दिसलं आणि ते नसेल तर प्रतिसादच मिळत नाही हे १९८८ मध्ये. म्हणजे ग्लायसिन इथे दुय्यम नाही, त्याच्यावाचून कुलूप उघडत नाही.

तिसरी अट मॅग्नेशियमची. पेशी विश्रांत स्थितीत असताना मॅग्नेशियमचा आयन वाहिनीच्या तोंडात बुचासारखा बसलेला असतो. पेशीचा विद्युतभार कमी झाला की तो निघतो आणि मग कॅल्शियम आत लोटतं. हे कॅल्शियम मायटोकाँड्रियात साठतं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम जागं करतं, सुपरऑक्साइड बनवणाऱ्या एनएडीपीएच ऑक्सिडेजला चालना देतं. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं. ताण इथे शेवटी येतो, सुरुवात कॅल्शियमने होते.

दुसरं दार: सिस्टाइनचा वाहक

आधी नावांचा गोंधळ मिटवू. सिस्टीन म्हणजे एकटा रेणू, त्यावर मोकळा थायॉल गट. असे दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडले की सिस्टाइन. पेशीबाहेरच्या ऑक्सिजनमध्ये सिस्टीन टिकत नाही, त्यामुळे माध्यमात असतं ते मुख्यतः सिस्टाइन. पेशी एक सिस्टाइन आत घेते आणि बदल्यात एक ग्लुटामेट बाहेर सोडते. हे काम एक्ससीटी नावाचं प्रथिन असलेला वाहक करतो. आत आलेल्या सिस्टाइनचं सिस्टीन होतं, आणि सिस्टीन, ग्लुटामेट व ग्लायसिन मिळून ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचा स्वतःचा मुख्य अँटिऑक्सिडंट, बनतं.

आता बाहेर ग्लुटामेटचा साठा मिलिमोलरपर्यंत वाढवा. अदलाबदलीचं गणित उलटं फिरतं, सिस्टाइन आत येणं बंद होतं, ग्लुटाथायोन हळूहळू संपतं आणि मग मेदरेणूंचे पेरॉक्साइड आवरेनासे होतात. १९८९ मध्ये एका चेतापेशी-वंशावर (प्रयोगशाळेत कायम वाढत राहणाऱ्या पेशींवर) हे स्पष्ट दाखवलं गेलं. इथे रिसेप्टरचा संबंधच नाही. २०१२ मध्ये ज्या मृत्यूला फेरोप्टोसिस हे नाव मिळालं, त्याच्याशी ही वाट पुष्कळ जुळते.

पेशी निवडताना

एचटी-२२ हा उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधून आलेला वंश स्वस्त पडतो, झटपट वाढतो आणि म्हणून सगळीकडे वापरला जातो. पण साध्या, विभेदन (पक्व चेतापेशीत रूपांतर) न केलेल्या एचटी-२२ पेशींत कामाचे एनएमडीए रिसेप्टर नसतात. त्यांच्यावर ५ मिलिमोलर ग्लुटामेट घालून ‘एनएमडीए रिसेप्टरमुळे होणारी हानी’ असं लिहिणं साफ चूक आहे. ही चूक इतकी पसरली आहे की कुठलाही जुना प्रोटोकॉल उचलण्याआधी पेशीचं नाव आणि मात्रा ही जोडी तपासून घ्या.

पहिल्या दारासाठी उंदीरवर्गीय प्राण्याच्या भ्रूणातल्या कॉर्टेक्सच्या प्राथमिक पेशी लागतात. रॅटचा (मोठ्या जातीच्या उंदराचा) १८ दिवसांचा भ्रूण हा नेहमीचा टप्पा. त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी हातात हवी. पॉली-डी-लायसिन प्रति मिलिलिटर ५० मायक्रोग्रॅम घेऊन वेल (प्लेटमधले खळगे) माखा आणि तीनदा पाण्याने धुवा. न धुतलेलं पॉली-लायसिन स्वतःच विषारी असतं. २४ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला १ ते १.५ लाख पेशी ठेवा. माध्यम न्यूरोबेसल, बी-२७ पूरक आणि ०.५ मिलिमोलर ग्लुटामीन किंवा त्याचं टिकाऊ डायपेप्टाइड रूप. दर तीन-चार दिवसांनी निम्मं माध्यम बदला, पूर्ण कधीच नाही.

प्रयोग १२व्या ते १४व्या दिवशी करा. आठवड्याच्या आतल्या पेशींत एनएमडीए रिसेप्टर पुरेसे तयार झालेले नसतात आणि त्या ग्लुटामेटला दाद देत नाहीत. पाचव्या दिवशी प्रयोग करून ‘आमच्या पेशी मरतच नाहीत’ अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

कल्चरमधल्या (डिशमध्ये वाढवलेल्या पेशींमधल्या) ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, हा आणखी एक निर्णायक घटक. त्या बाहेरचं ग्लुटामेट ओढून घेतात. ॲस्ट्रोसाइट कमी असलेल्या कल्चरमध्ये चेतापेशी मारायला लागणारी ग्लुटामेटची मात्रा सुमारे १०० पटींनी खाली येते. त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा जशीच्या तशी उचलू नका. ॲस्ट्रोसाइटचं प्रमाण मोजा, आपल्या कल्चरवर स्वतः मात्रा-प्रतिसाद आलेख काढा.

द्रावणं

मॅग्नेशियमरहित बफर, १ लिटरसाठी: सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७३ ग्रॅम, ग्लुकोज १.८० ग्रॅम, हेपिस २.३८ ग्रॅम. ९०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ करा, मग कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२९४ ग्रॅम घाला आणि १ लिटरपर्यंत भरा. परासरणता (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास आली पाहिजे. दुसरी बाटली तशीच बनवा, पण तिच्यात मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.२०३ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोलर, जास्त घाला. दोन्ही बाटल्यांवर वेगळ्या रंगाची पट्टी लावा. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि अदलाबदल झाली तर दिवस वाया जातो.

पीएच ७.४ वरून ढळू देऊ नका. हायड्रोजन आयन एनएमडीए रिसेप्टरला दाबतात आणि तो दाब शरीराच्या नेहमीच्या पीएचच्या जवळच निम्म्यावर पोचलेला असतो. बफर थोडा आम्लधर्मी झाला तरी रिसेप्टर मंदावतो आणि आपल्याला ‘संरक्षण’ दिसल्याचा भास होतो.

याच कारणाने ग्लुटामिक आम्लाची कोरडी पूड थेट वापरू नका. ती पाण्यात नीट विरघळत नाही, साध्या तापमानाला १०० मिलिमोलर होतच नाही, आणि जी विरघळते ती पीएच पाडते. मोनोसोडियम ग्लुटामेट मोनोहायड्रेट घ्या, रेणुभार १८७.१. पहिल्या दारासाठी १०० मिलिमोलर स्टॉक (नंतर पातळ करायचं दाट द्रावण), म्हणजे १८७ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये. दुसऱ्या दारासाठी ५०० मिलिमोलर, म्हणजे ९३६ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये. ग्लायसिनचा १० मिलिमोलर स्टॉक हवा: ७५ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये. लहान लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवा, एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

पहिल्या दाराची कृती

१. वेलमधलं माध्यम टाकून देऊ नका. ते निर्जंतुक नळीत काढून ३७ अंशांवर ठेवा. दोन आठवडे पेशींनी घडवलेलं हे माध्यम शेवटी परत द्यायचं आहे. पिकलेल्या कल्चरला पूर्ण ताजं माध्यम दिलं तर काही पेशी त्यानेच मरतात. न्यूरोबेसलमध्ये ०.४ मिलिमोलर ग्लायसिन आणि वर सिस्टीनही असतं, आणि जास्त मात्रेत सिस्टीन स्वतःच एनएमडीए रिसेप्टरमार्फत हानी करतं.

२. ३७ अंशांच्या मॅग्नेशियमरहित बफरने दोनदा धुवा. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवा, पेशींवर धार सोडू नका.

३. त्याच बफरमध्ये १०० मायक्रोमोलर ग्लुटामेट आणि १० मायक्रोमोलर ग्लायसिन द्या. दोन्ही स्टॉकचे दर मिलिलिटरला १ मायक्रोलिटर. १० मिनिटांपासून सुरुवात करा.

४. मॅग्नेशियम असलेल्या बफरने दोनदा धुवा आणि राखून ठेवलेलं माध्यम परत द्या. २४ तासांनी मोजणी.

याच प्लेटवर ही कंट्रोल (तुलनेसाठीच्या स्थिती) हवीतच: फक्त बफर आणि धुणं, ग्लुटामेटसोबत १० मायक्रोमोलर एमके-८०१ (एनएमडीए रिसेप्टरची वाहिनी अडवणारा पदार्थ), ग्लुटामेटसोबत १ मिलिमोलर मॅग्नेशियम, ग्लुटामेटऐवजी १०० मायक्रोमोलर एनएमडीए (ज्यावरून रिसेप्टरला नाव मिळालं ते रसायन). शेवटचं कंट्रोल बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं तेच आहे. एनएमडीएला ॲस्ट्रोसाइट ओढत नाहीत आणि ते सिस्टाइनच्या वाहकालाही अडवत नाही. म्हणजे ते फक्त पहिलंच दार उघडतं.

एमके-८०१ उघड्या वाहिनीत शिरून अडकतं, बंद वाहिनीत त्याला जागा नाही. म्हणून ते ग्लुटामेटच्या पाच मिनिटं आधी घाला आणि ग्लुटामेटसोबतही चालू ठेवा. वेगळ्या वेल्समध्ये ते ग्लुटामेट धुतल्यानंतरच घाला. तिथेही पेशी वाचल्या तर अर्थ असा की मरणाऱ्या पेशींतून सांडलेलं ग्लुटामेट शेजारच्या पेशींना मारत होतं. चेतापेशीच्या आत ग्लुटामेट मिलिमोलर पातळीवर असतं, बाहेर त्याच्या हजारो पटींनी कमी. थोड्या पेशी फुटल्या तरी बाहेरची पातळी झटकन चढते.

ग्लायसिनचा वाटा वेगळा तपासायचा असेल तर ‘ग्लायसिन न घालणं’ पुरेसं नाही. पाण्यात, काचेवर, पेशींच्या स्रावात ते लेशमात्र असतंच, आणि रिसेप्टरला मायक्रोमोलरच्या आसपासची मात्राही पुरते. ग्लायसिनची जागा अडवणारं ७-क्लोरोकायन्युरेनिक आम्ल घाला, आणि मग डी-सेरीन वाढवत नेऊन परिणाम परत येतो का ते पाहा. परत आला तर ती जागा खरोखरच कामात होती.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते नीट बघून ठेवा. पहिल्या १०-१५ मिनिटांत पेशीचं शरीर फुगतं, कडा धूसर होते, आणि एकसंध दिसणारे तंतू ठिकठिकाणी फुगून मण्यांच्या माळेसारखे होतात. हे मणी दिसले नाहीत तर २४ तास थांबण्यात अर्थ नाही. मात्रा, बफर किंवा कल्चरचं वय यांपैकी काहीतरी चुकलंय.

दुसऱ्या दाराची कृती

एचटी-२२ पेशी ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ५,००० घाला. दुसऱ्या दिवशी माध्यम बदलून ५ मिलिमोलर ग्लुटामेट द्या, ५०० मिलिमोलर स्टॉकचे दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर. सोबत ५ मिलिमोलर सोडियम क्लोराइडचं कंट्रोल ठेवा, म्हणजे परासरणता आणि सोडियमचा प्रश्न मिटतो.

इथे पेशींची दाटी निकाल फिरवते. दाट पेशी ग्लुटामेटला चिवटपणे तोंड देतात. वेल ८० टक्के भरलेला असेल तर मृत्यू दिसणार नाही. म्हणून पेशी मोजूनच घाला, आणि मूळ फ्लास्कमध्येही त्यांना कधी पूर्ण भरू देऊ नका.

पहिले सहा-आठ तास वरून काहीही दिसत नाही. आत मात्र ग्लुटाथायोन उतरत असतं. ते मूळच्या पाचव्या हिश्श्याच्या खाली गेलं की ताण एकदम उसळतो, आणि १२ तासांच्या पुढे पेशी गोल होऊन तळ सोडायला लागतात. म्हणून एकाच वेळी मोजू नका. ०, ४, ८, १० आणि १४ तास अशा पाच वेळा घ्या. फक्त २४व्या तासाला मोजणाऱ्याला मेलेल्या पेशी मिळतात, कारण मिळत नाही.

खात्रीसाठी तीन चाव्या. ५० मायक्रोमोलर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल: ते सिस्टीनशी जोडी जमवून त्याला वेगळ्या वाहकातून आत नेतं, म्हणजे बंद दाराला वळसा घालतं. पेशी वाचल्या तर अडचण सिस्टाइनच्या पुरवठ्याचीच होती. दुसरी, १ मायक्रोमोलर फेरोस्टॅटिन-१: मेदरेणूंचं पेरॉक्सिडेशन थांबवतं. तिसरी चावी एमके-८०१, आणि इथे त्याने काहीही होता कामा नये. फरक पडला तर आपल्या पेशी आपण समजतो त्या नाहीत, किंवा त्यांचं विभेदन झालंय. उलट बाजूने, ग्लुटामेटऐवजी इरास्टिन देऊन हा वाहक अडवता येतो.

होमोसिस्टीन किंवा होमोसिस्टिक आम्ल तपासणाऱ्यांनी दोन्ही दारांची कंट्रोल एकाच कल्चरवर लावावीत. होमोसिस्टीन ग्लुटामेटच्या जागेवर रिसेप्टरला चालना देतं आणि ग्लायसिनच्या जागेवर अंशतः अडथळाही करतं, त्यामुळे ग्लायसिन किती आहे यावर निकालाची दिशा बदलते. होमोसिस्टिक आम्ल रिसेप्टरलाही चेतवतं आणि सिस्टाइनच्या वाहकालाही अडवतं.

ताण मोजताना

डीसीएफडीए हा ऑक्सिडेशन झालं की चमकणारा रंग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर स्टॉक करा, ४.८७ मिलिग्रॅम दर मिलिलिटर. वापर ५ ते १० मायक्रोमोलर, ३० मिनिटं, ३७ अंश, अंधारात, सीरम आणि फिनॉल रेड नसलेल्या बफरमध्ये. सीरममधली एस्टरेज एन्झाइमं रंग बाहेरच तोडतात. मग दोनदा धुवा आणि ४८५ नॅनोमीटरवर उत्तेजित करून ५३० वर वाचा. पहिल्या दारासाठी आधी रंग भरा, मग ग्लुटामेट द्या आणि दर ५ मिनिटांनी तासभर वाचा. त्याहून वरचेवर वाचू नका, प्रकाशानेच रंगाचं ऑक्सिडेशन होतं. दुसऱ्या दारासाठी ठरलेल्या तासाच्या शेवटच्या अर्ध्या तासात रंग भरा, कारण तो तासन्‌तास पेशीत टिकत नाही, गळून जातो.

पॉझिटिव्ह कंट्रोल १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड. ३० टक्के बाटली साधारण ९.८ मोलर असते, पण उघडी बाटली उतरते. २४० नॅनोमीटरवर शोषण मोजून, ४३.६ हा मोलर गुणांक वापरून खरी मात्रा काढा.

डीसीएफडीए म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायचं यंत्र नव्हे. पेरॉक्साइडशी त्याची सरळ अभिक्रिया जवळपास होतच नाही. लोह, पेरॉक्सिडेज किंवा मायटोकाँड्रियातून निसटलेलं सायटोक्रोम सी मध्ये लागतं. त्यामुळे ‘पेशीत ऑक्सिडेशन वाढलं’ इतकंच म्हणा, कोणत्या रेणूने वाढवलं ते या रंगावरून सांगू नका.

दुसरा सापळा जास्त घातक आहे. मेलेल्या पेशीचं आवरण फाटतं, रंग बाहेर जातो, धुण्यात निघून जातो आणि वेलचा आकडा घसरतो. आलेखात ते ‘ताण कमी झाला’ असं दिसतं. म्हणून त्याच वेलमध्ये हेक्स्टने (केंद्रकं चमकवणाऱ्या रंगाने) केंद्रकं मोजा किंवा प्रथिन मोजा आणि आकडा त्या प्रमाणात मांडा. सोबत साध्या प्रकाशातलं एक छायाचित्र ठेवा.

बी-२७ पूरकात मुळातच ई जीवनसत्त्व, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि ग्लुटाथायोन असतं. ते माध्यमात ठेवून ताण मोजणं म्हणजे छत्री धरून पाऊस मोजणं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी अँटिऑक्सिडंट वगळलेल्या बी-२७वर जा, आणि नोंदवहीत कोणतं वापरलं ते लिहा.

ग्लुटाथायोन डीटीएनबीच्या (थायॉलशी रंग देणाऱ्या रसायनाच्या) पुनर्चक्रण पद्धतीने मोजा. पेशी बर्फावर धुवा, लगेच ५ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात फोडा, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण घ्या. १०० मिलिमोलर फॉस्फेट आणि १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.५, यात डीटीएनबी, एनएडीपीएच आणि ग्लुटाथायोन रिडक्टेज घालून ४१२ नॅनोमीटरवर वाढीचा वेग मोजा. नमुना इतका पातळ करा की आम्ल अर्ध्या टक्क्याच्या खाली येईल, नाहीतर एन्झाइमच बसतं. ऑक्सिडाइज्ड ग्लुटाथायोन वेगळं हवं असेल तर नमुन्याला आधी २-व्हिनाइलपिरिडीन द्या. निरोगी पेशीत ऑक्सिडाइज्ड भाग अगदी थोडा असतो. कंट्रोलमध्येच तो मोठा दिसला तर नमुना आम्लात जायला उशीर झाला, प्रयोग पुन्हा करा.

मृत्यू मोजायला एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं एन्झाइम. बाहेर आलेलं एलडीएच भागिले ट्रायटनने फोडलेल्या वेलमधलं एकूण, दोन्हींतून रिकाम्या माध्यमाचं वाचन वजा करून. एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग) इथे टाळलेलं बरं. एन-ॲसिटिल सिस्टीनसारखे थायॉल पदार्थ एमटीटीला पेशींशिवायच जांभळं करतात. वापरायचंच असेल तर पेशी नसलेल्या वेलमध्ये पदार्थ आणि एमटीटी एकत्र ठेवून बघा. तिथे रंग आला तर ते सगळं ‘जीवित्व’ निरर्थक आहे.

अँटिऑक्सिडंट रिसेप्टरवर तर बसला नाही ना?

ऑक्सिडेशन आणि रिसेप्टर यांचं नातं दोन्ही दिशांनी चालतं. ग्लुएन१वरच्या ७४४ आणि ७९८ क्रमांकाच्या सिस्टीन जोडीमुळे रिसेप्टर पेशीबाहेरच्या ऑक्सिडेशनची खबर घेतो. डायथायोथ्रिटॉलने हा बंध तुटला की प्रवाह वाढतो, डीटीएनबीने परत जुळला की घटतो. होय, ग्लुटाथायोन मोजायला वापरतो तोच डीटीएनबी. म्हणून थायॉल देणारा पदार्थ एकीकडे ग्लुटाथायोन वाढवून पेशीला वाचवू शकतो आणि दुसरीकडे रिसेप्टर अधिक उघडा करू शकतो. ऑक्सिडंटबाबत उलटं.

हे वेगळं काढायला कॅल्शियम मोजा. पदार्थ असताना आणि नसताना, तोच ग्लुटामेट आणि ग्लायसिनचा डोस द्या. कॅल्शियमची उडी कमी झाली तर पदार्थ दारावरच अडवतोय, त्याला अँटिऑक्सिडंट म्हणू नका. उडी तशीच आणि मृत्यू कमी, तरच तो आतल्या ताणावर काम करतोय असं म्हणता येईल. यासाठी फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग नको. त्याची कॅल्शियमवरची पकड इतकी घट्ट आहे की एवढ्या मोठ्या उडीत तो लवकरच भरतो आणि निम्मी उडी पूर्ण उडीसारखी दिसते. फ्युरा-एफएफसारखा कमी पकडीचा रंग घ्या.

एन-ॲसिटिल सिस्टीन १ मिलिमोलर ताजं करा आणि पीएच ७.४ वर आणूनच द्या. हे स्वतः आम्ल आहे. पीएच न सांभाळता दिलं तर रिसेप्टर मंदावतो आणि श्रेय थायॉलला जातं.

टॉरिन, गाबा आणि ग्लायसिनची दुसरी बाजू

टॉरिन आणि गाबा ‘शांत करणारी’ म्हणून संरक्षक मानली जातात. पिकलेल्या पेशीत ते बरोबर आहे: क्लोराइडची वाहिनी उघडते, क्लोराइड आत येतं, पेशी शांत राहते. कोवळ्या चेतापेशीत मात्र आत क्लोराइड आधीच जास्त असतं. तिथे तीच वाहिनी उघडली की क्लोराइड बाहेर जातं आणि पेशी उत्तेजित होते. म्हणजे चौथ्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी एकाच टॉरिनचे उलट निकाल येऊ शकतात, आणि दोन्ही खरे असतात. टॉरिनच्या प्रयोगात ग्लायसिनचा स्वतःचा रिसेप्टर अडवणारं स्ट्रिक्नीन १ मायक्रोमोलर आणि गाबा-ए अडवणारं बायक्युक्युलीन, दोन्ही ठेवा. दोन्ही असतानाही संरक्षण टिकलं, तर कारण या रिसेप्टरबाहेर शोधायचं. टॉरिन हायपोक्लोरस आम्ल पकडतं खरं, पण सुपरऑक्साइड किंवा पेरॉक्साइड पुसून टाकणारा रेणू म्हणून त्याचं वर्णन करू नका.

ग्लायसिनही असंच दुहेरी: एनएमडीए रिसेप्टरवर साथीदार, स्वतःच्या रिसेप्टरवर क्लोराइडचा पहारेकरी, आणि वर ग्लुटाथायोनचा कच्चा माल. ‘ग्लायसिनने ताण कमी केला’ हे विधान स्ट्रिक्नीन आणि ७-क्लोरोकायन्युरेनिक आम्लाशिवाय करू नये.

प्लेटची मांडणी

कडेच्या वेलमधून पाणी उडतं, मिठाची मात्रा चढते आणि पेशी आधीच ताणात जातात. ९६ वेलच्या प्लेटमध्ये बाहेरची पूर्ण रांग पाण्याने भरून सोडून द्या. दर स्थितीला तीन वेल घ्या, पण ते तीन मिळून एकच निरीक्षण. एकाच कल्चरमधले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी केलेली किमान तीन स्वतंत्र कल्चर हवीत, आणि आलेखावर त्या तिघांचे ठिपके वेगवेगळे दिसले पाहिजेत. मंजुरी घेऊन मिळवलेल्या पेशी आहेत. एका कल्चरच्या वेल्सची संख्या फुगवून त्या वाया घालवू नका. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं आणि ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, कंट्रोलमध्येसुद्धा. प्लेट कोणत्या क्रमाने वाचली तेही लिहा, कारण पहिल्या दारावर मिनिटं मोजावी लागतात आणि शेवटच्या वेलला ग्लुटामेट पोचेपर्यंत पहिल्या वेलमध्ये मणी दिसायला लागलेले असतात.